नाकाची वही

डाव्या पानावर क्विंटल, किलो, ओलाव्याची तूट.
उजवं पान कोरंच जायचं.
तिथे मी आता हेमांगीचे शब्द लिहितो
रात्री साडेनऊला,
तिच्याकडे तेव्हा कुठे संध्याकाळ होत असते.

याश नावाचं गाव आहे, रोमानियात.
नंदुरबारच्या पथारीवर सांगितलं
तर आधी विचारतात, तिथे मिरची खातात का.
तिसऱ्या वर्षाला पेशंटसमोर बसवतात,
आणि तिथले म्हातारे इंग्रजीत शिंकत नाहीत, ती म्हणते.
म्हणून या आठवड्यात नाक.

नोज. नास.
मी म्हणालो, आपल्यात दूध नासतं.
नॉस्ट्रिल. नारा. नाकपुडी.
दोन डोळ्यांमधल्या हाडाला इंग्रजीत पूल म्हणतात,
तिकडे म्हणे मूळ.
आपल्यात दांडी, मी सांगितलं,
चष्मा टेकवायला आणि मार खायला.
इंग्रजाचं नाक पळतं,
रोमानियाचं वाहतं, कुर्जे,
आपल्यासारखंच.
मला उगाच बरं वाटलं:
पाच हजार किलोमीटरवर कुणाचं तरी नाक
आपल्या व्याकरणात गळतंय.

मग मीही सुटलो.
नाक मुरडणं, नाक खुपसणं, नाकी नऊ,
नाकाने कांदे सोलणारी तुझी आत्या.
बाबा, हे परीक्षेला नाही.
मी म्हटलं, लिहून ठेव,
पेशंट आजार सांगत नाही, हेच सांगतो.

स्नीझ. स्त्रनूत.
कुणी शिंकलं की तिथे म्हणतात नोरोक,
म्हणजे नशीब फळफळो.
ती निघाली त्या दिवशी तिची आई उंबऱ्यातच शिंकली होती.
बॅगा खाली ठेवल्या, पाणी प्यायलो, परत बसलो,
सुरत पॅसेंजर डोळ्यांदेखत गेली.

दुसऱ्या दिवशी पथारीवर रुमली देठ खुडत होती,
नाकातोंडावर फडकं, उघडे फक्त डोळे.
शिंकली, एकामागून एक, सात-आठदा.
मी म्हणालो, नोरोक.
ती म्हणाली, नवीन बियाणं शे का, आप्पा?

काल रात्रीचा शब्द, मिरोस.
मला आधी मिरचीच ऐकू आली.
मिरोस म्हणजे वास, बाबा.
आता तुम्ही पेशंट, मी डॉक्टर.
तिने त्या भाषेत एक लांब वाक्य म्हटलं,
मग आपल्या भाषेत: वास कधीपासून येत नाही?

पंचवीस वर्षं इथला माल माझ्या नाकावर विकला गेलाय.
मूठभर मिरची नाकाशी धरतो, डोळे मिटतो,
व्यापारी बोलायचे थांबतात.
खरं सांगायचं तर मी ऐकतो.
सुकलेल्या मिरचीत बी खुळखुळतं,
ओली मुकी असते.
मूठ हलवताना एकदा खोकतो,
म्हणजे कुणाला कळत नाही.

माले वास येस नही, बेटा.
आठ वरीस व्हई ग्यात.

ती हसली. छान, पण उत्तर तिकडच्या भाषेत द्या.
मग तिचं हसणं मागे राहिलं, आवाज पुढे आला:
कापराचा? नाही.
रॉकेलचा? नाही.
आईच्या फोडणीचा?
मी म्हणालो, फोडणी मी ऐकतो.

टॉर्च लावा. मोबाईल नाकाखाली धरा. मान वर.
घरच्या आढ्याकडे बघत उभा राहिलो.
माझी पोरगी याशहून माझ्या नाकात बघत होती,
आणि मी पहिल्यांदाच तिच्यापुढे
नाक वर करून उभा होतो.
दिसतंय का काही?
बराच वेळ ती बोलली नाही. नेट असेल.
मग विचारलं, पथारीवरच्या बायकांना येतो का वास?

उजव्या पानावर कालच्या तारखेला मिरोस एवढंच आहे.
डाव्या पानावर: लाल ओली, बावीस क्विंटल.
खाली, शिसपेन्सिलीने,
रुमली, अर्धा दिवस.
उद्या विचारायचं.